आमच्या घरची पडसाळ

देवघराच्या वरच्या फळीवर, गणपतीच्या सामानाच्या खोक्यांशेजारी, आमच्याकडे जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी ठेवलेली आहे. तिच्यावर एक हिरवा दिवा अहोरात्र लुकलुकत असतो. घरी येणारा पाहुणा हमखास विचारतो, "हे काय, इन्व्हर्टर काय?" त्यावर आमची आई ऐटीत सांगते, "इन्व्हर्टर जिन्याखाली आहे. ती आमची पडसाळ."

पडसाळ म्हणजे काय हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. उंबरा ओलांडून आत आलं की लागणारी लांबट बैठकीची जागा. मराठीत पडसाळ, कन्नडमध्ये पडसाले. कोणी कोणाकडून उचलला याचा निवाडा भाषातज्ज्ञांनी करावा. आमच्या घरी दोन्ही भाषा बोलल्या जातात आणि दोन्हीकडच्या माणसांना हा शब्द आपलाच वाटतो, एवढं आम्हांला पुरे होतं. शहापुरातल्या आमच्या जुन्या घराची पडसाळ वाटणीच्या वेळी मध्ये भिंत घालून संपली. आता जी आहे ती या पेटीत. ही पेटी म्हणजे आमच्या कुटुंबाचा आणि चार जिवलग मित्रांचा खासगी चॅट सर्व्हर. एकोणीस माणसं त्यावर रोज बोलतात. तो चालवणारा मी, इतिहासाचा प्राध्यापक, संगणकाचा नव्हे. त्यामुळे जे पुढे घडलं त्यातलं निम्मं माझ्या अज्ञानाने घडलं, हे आधीच कबूल करून टाकतो.

सुरुवात बाबांच्या आवाजापासून झाली. शेवटच्या चार-पाच वर्षांत त्यांची बोटं थरथरत, टाइप करता येत नसे. म्हणून ते सगळं बोलून पाठवायचे. मला "येताना कुंदा आण, साखर कमी असलेला कुठे मिळत असेल तर बघ" असा निरोप. धारवाडच्या वहिनींना दुपारी न चुकता "ऊटा आतेनव्वा?" एका घरात राहून! ती स्वयंपाकघरात, हे माडीवर, आणि जेवलीस काय हे विचारायचं फोनवरून. २०२२ साली बाबा गेले. त्याच पावसाळ्यात आईचा फोन भिजला आणि पुन्हा सुरू झाला नाही. बॅकअप कोणीच घेतलेला नव्हता. बाकीच्यांनी फोनमधली जागा मोकळी करायची म्हणून जुने आवाज कधीच पुसून टाकले होते. मी तर दर रविवारी पुसायचो, शिस्तीचा माणूस! अख्ख्या घरात बाबांचे तीनच आवाज उरले, तेही वहिनींच्या फोनवर, कारण ती कधीच काही पुसत नाही.

आता खरं बोलायचं तर यावर उपाय म्हणून सर्व्हर लागत नाही. वेळच्या वेळी बॅकअप घेतला असता तरी भागलं असतं. पण माझी पुतणी तेव्हा इंजिनिअरिंगला होती आणि तिच्या डोक्यात ही कल्पना शिरली. "काका, आपलं आपणच चालवू या," असं ती २०२३ च्या उन्हाळ्यात म्हणाली. पेपर तपासणी संपली होती, घरात बाबांची खुर्ची रिकामी होती, मी हो म्हणालो.

माझ्या होकारामागे आणखी एक कारण होतं. माझी पिढी खडेबाजारातल्या सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून याहू मेसेंजरवर बोललेली. ते याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला कायमचं बंद झालं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं. तिथे आम्ही काय काय लिहिलं होतं ते आता आठवतही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही जगभर जवळजवळ सहा तास बंद पडली होती, हे वाचकांना आठवत असेल. देखभालीच्या कामात कंपनीचं स्वतःचंच जाळं तुटलं आणि तिच्या सर्व्हरपर्यंत जाणारे रस्ते इंटरनेटच्या नकाशावरून नाहीसे झाले. बिघाड एका ठिकाणी आणि गप्प बसलं सगळं जग.

मुळात एका फोनवरचा निरोप सरळ दुसऱ्या फोनवर जात नसतो. मध्ये कुठे तरी एक संगणक असतो. तो निरोप घेतो, समोरच्याचा फोन बंद असेल तर सांभाळून ठेवतो आणि फोन सुरू झाला की पोचवतो. या मधल्या संगणकाला सर्व्हर म्हणायचं. तो परदेशातल्या एखाद्या कंपनीच्या गोदामात असतो म्हणून आपल्याला दिसत नाही, इतकंच. तेच काम आपल्या फळीवरचा डबाही करू शकतो, कारण त्याची भाषा कोणाच्या मालकीची नाही. १९९९ साली जेरेमी मिलर या अमेरिकन तरुणाने 'जॅबर' या नावाने ती जाहीर केली. २००४ साली इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने तिला प्रमाण मानलं आणि तिचं नाव एक्सएमपीपी पडलं. व्हॉट्सॲपची सुरुवातसुद्धा याच घराण्यातल्या ईजॅबरडी या सॉफ्टवेअरवर झाली होती. गूगल टॉक २००५ मध्ये निघालं तेव्हा तेही हीच भाषा बोलत होतं, पुढच्या वर्षी त्याने बाहेरच्या सर्व्हरांसाठी दारही उघडलं, आणि २०१३ मध्ये हँगआउट्स आणताना ते लोटून घेतलं. म्हणजे घराणं एकच, कोणी दार उघडं ठेवलं, कोणी बंद केलं.

दुसरा एक पर्याय होता तो मॅट्रिक्सचा. २०१४ पासून चालू असलेला, दिसायला देखणा. पण त्याचं मुख्य ॲप 'एलिमेंट'. नेमक्या त्याच मे महिन्यात केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या सुरक्षेचं कारण देऊन चौदा मेसेजिंग ॲप बंद केली, त्यात एलिमेंटही होतं. आई वापरणार ते ॲप सरकारी यादीत नको, असं भाऊ म्हणाला. शिवाय त्याच्या सर्व्हरला यंत्रही दमदार लागतं. आम्ही 'प्रॉसडी' निवडलं. फुकट मिळतं, हलकं आहे, जुनाट यंत्रावरही चालतं. फोनवर बहुतेकांनी 'कॉन्व्हर्सेशन्स' घेतलं. ते प्ले स्टोअरवर विकत मिळतं आणि एफ-ड्रॉइडवर फुकट. आम्ही काय केलं ते सांगायला नको.

यंत्र म्हणून जुन्या बाजारातला छोटा संगणक घेतला. तो दहा वॅट खातो असं धरलं तर महिन्याला सातएक युनिट होतात, देवघरातल्या दिव्याइतकंच म्हणा ना. नावासाठी मात्र घरात भांडण झालं. इंटरनेटवर नाव विकत मिळत नाही, दरवर्षी भाडं भरून घ्यावं लागतं. मी आडनाव सुचवलं. कोल्हापूरची बहीण म्हणाली, "मी आता त्या आडनावाची नाही." वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या धारवाडच्या बहिणीला त्यात घ्यायचं तर आमचं आडनाव तिने का लावावं? शेवटी आई म्हणाली, "पडसाळ म्हणा. तिथे कोणी पण बसतं." झालं.

नाव ठरलं, पण टपाल येईना. कारण इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास आहेत आणि त्यांचा जागतिक साठा २०११ सालीच वाटून संपला. म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. वाड्याला दरवाजा एक आणि आत बावीस बिऱ्हाडं, असं ते प्रकरण. आतून बाहेर कोणीही जाऊ शकतं, पण बाहेरून आलेल्या पोस्टमनला आमचं बिऱ्हाड सापडत नाही. आमच्या इंटरनेटवाल्याकडे चार खेपा घातल्या, तेव्हा जादा पैसे घेऊन त्याने स्वतंत्र, न बदलणारा पत्ता दिला. ज्यांना हा उद्योग करायचा असेल त्यांनी यंत्र घेण्याआधी हे विचारून घ्यावं. आम्ही यंत्र आधी घेतलं.

गौरी-गणपतीपर्यंत पडसाळ भरली. आई मराठीत, वहिनींची बहीण कन्नडमध्ये, पुतणी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. पूर्वी कन्नडला 'नुडी' किंवा 'बरह' आणि मराठीला वेगळाच फाँट, एकाचं दुसऱ्याला दिसायचं नाही. युनिकोडने ते भांडण मिटवलं, त्यामुळे एकाच ओळीत अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं आमचं घरातलं बोलणं जसंच्या तसं उतरू लागलं. खानापूरकडच्या आमच्या आत्या ७८ वर्षांच्या. लिहिता येत नाही, पण बोलायचं बटण कळलं आणि त्यांनी दोन दिवसांत जात्यावरच्या ओव्यांचे नऊ आवाज पाठवले. मला वाटलं, बाबांच्या वेळी चुकलो, आता नाही चुकणार.

दहा दिवसांनी पुतणीने नवा लॅपटॉप जोडला आणि तिला त्या ओव्या दिसेनात. फोनवर ज्यांनी ऐकल्या होत्या त्यांच्याकडे होत्या, सर्व्हरवर एकही नव्हती. शोध घेतला तेव्हा कळलं की प्रॉसडी संदेशांचा आणि पाठवलेल्या फाइलींचा साठा सात दिवसांनी आपोआप पुसून टाकतं. ही चूक नव्हे, करणाऱ्यांनी विचार करूनच तसं ठेवलं आहे. निरोप पोचवायचा, पोचल्यावर विसरायचं, हे त्यांच्या दृष्टीने पोस्टमनचं काम. मी पोस्टमनकडून तिजोरीची अपेक्षा करत होतो.

मला राग आला. मी त्या जागी 'कधीच पुसू नको' असं लिहून टाकलं. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक त्याच महिन्यातली. या ॲपमध्ये 'ओमेमो' नावाचं एन्क्रिप्शन असतं. निरोप पाठवणाऱ्याच्या फोनवरच त्याला कुलूप लागतं आणि घेणाऱ्याच्या फोनवरच ते उघडतं. मधल्या सर्व्हरला नुसता अक्षरांचा भुगा दिसतो. चांगली सोय आहे. पण प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी असते, त्यामुळे नव्या यंत्रावर जुने निरोप उघडत नाहीत. आईला टॅब्लेट आणून दिला तर तिथे ओळीमागून ओळ 'हा संदेश या यंत्रासाठी नाही' अशा अर्थाची. आई म्हणाली, "माझ्यासाठी नाही तर मग कोणासाठी?" एका रविवारी मी सगळ्यांचे फोन मागून घेतले आणि ते कुलूप काढून टाकलं. त्याचा अर्थ काय होतो हे कोणाला सांगितलं नाही. "त्याने घोटाळा होतोय, बंद करतो," एवढंच म्हणालो. लोकांनी निमूटपणे फोन हातात दिले. घरातला माणूस मागतो आहे, मग विचारायचं काय?

एकूण काय, आता एकोणीस माणसांचं सगळं बोलणं उघड्या अक्षरांत, कायमचं, माझ्या देवघरातल्या फळीवर साठत होतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट भरलेल्या कपाटाकडे पाहून वाटतं तसं बरंच वाटायचं.

मार्च २०२४ मध्ये वहिनी म्हणाल्या, धारवाडला निरोप पोचत नाहीत. मी रात्री परीक्षेचं काम आटोपून बसलो आणि निरोप कुठे अडकतोय ते बघायला साठ्याची फाइल उघडली. प्रॉसडीचा हा साठा म्हणजे साधी मजकुराची फाइल, वहीसारखी. उघडली आणि समोर वहिनींनी बहिणीला लिहिलेली एक कन्नड ओळ आली. मी बेळगावचा, कन्नड वाचायला मला प्रयत्न करावा लागत नाही. डोळा फिरला आणि वाचून झालं.

ती ओळ इथे लिहिणार नाही, ती माझी नाही. आमच्या घराबद्दल होती आणि खरी होती, इतकंच सांगतो.

फाइल बंद केली. बिघाड दुसरीकडेच होता, धारवाडच्या फोनने बॅटरी वाचवायच्या नादात ॲपला झोपवून ठेवलं होतं. तो मी दुसऱ्या दिवशी फोनवरून सांगून दुरुस्त करवला. ओळीबद्दल मात्र कोणाला बोललो नाही. आम्ही इतिहासवाले मेलेल्या माणसांची खासगी पत्रं रोज वाचतो, त्यावर निबंध लिहितो, आणि आपण काही वावगं करतोय असं मनात येत नाही. पण ते पत्र लिहिणारं माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याला चहा आणून देत नसतं.

आठवडाभराने पुतणीने जेवताना विचारलं, "काका, सर्व्हर तू चालवतोस. मग तू आमचे मेसेज वाचू शकतोस का?" तिच्या वर्गातल्या कोणी तरी विचारलं होतं म्हणे.

मी म्हणालो, "हो. वाचायचे म्हटले तर येतात."

"म्हणजे व्हॉट्सॲपला येत नाहीत आणि तुला येतात?"

यावर उत्तर नव्हतं. व्हॉट्सॲपने २०१६ साली सगळ्या संभाषणांना कुलूप लावलं. कोण कोणाशी कधी बोललं याची माहिती कंपनीकडे असू शकते, मजकूर मात्र नाही. आम्ही मोठ्या कंपनीच्या नजरेतून सुटायला म्हणून घरचा सर्व्हर आणला, आणि मी ते कुलूपच काढून बसलो होतो. या एका बाबतीत माझी पडसाळ त्यांच्यापेक्षा उघडी होती. आणि ती कंपनी निदान आमच्या घरात जेवायला बसत नाही.

वहिनींनी ताटातला हात थांबवला. "भावजी, वाचलंत काय तुम्ही?"

"एक ओळ. मुद्दाम नाही, बिघाड शोधताना."

त्या उठल्या, आईला ताक वाढलं आणि पुन्हा बसून जेवल्या. कोणी काही बोललं नाही. रात्री बघितलं तर पडसाळीतलं त्यांचं खातं बंद झालेलं होतं. ज्या एका माणसाने बाबांचे आवाज जपले होते, ते माणूस माझ्यामुळे पडसाळीतून उठून गेलं.

बायको म्हणाली, "तुम्ही मुद्दाम वाचलं नाही हे खरं. पण कुलूप मुद्दाम काढलंत ना?" या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही खऱ्याखुऱ्या बैठकीच्या खोलीत बसलो. बहीण कोल्हापूरहून फोनवर होती. मी पहिल्यांदाच सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, की साठा कुठे आहे, कसा दिसतो, मला काय काय दिसू शकतं. आई म्हणाली, "माझं काय वाचायचं आहे ते वाच, औषधाच्या वेळा आहेत." भाऊ एकदम गप्प होता. पुतणीने मात्र कागद घेऊन लिहायला सुरुवात केली. कुलूप सगळ्यांनी पुन्हा लावायचं, आईच्या टॅब्लेटवर जुनं दिसलं नाही तरी चालेल. साठा एक महिन्यापलीकडे ठेवायचा नाही. जे जपायचं आहे, ओव्या, आवाज, फोटो, ते बोलणाऱ्याला विचारून वेगळ्या डिस्कवर ठेवायचं. नको म्हणालं तर नको. आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ओव्या ठेवा, पण परवा मी जावेला शिव्या दिल्या त्या पुसा." पुसल्या.

आणि हेही मी त्या दिवशी सांगितलं, इथेही सांगतो: कुलूप लावल्यावरसुद्धा कोण कोणाशी किती वाजता बोललं हे सर्व्हर चालवणाऱ्याला दिसू शकतं. त्याला इलाज नाही. पोस्टमनला पाकिटावरचं नाव दिसणारच.

तीन आठवड्यांनी वहिनींनी पुतणीकडून नवं खातं काढून घेतलं. माझ्याशी याविषयी त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. धारवाडच्या बहिणीशी मात्र त्या आजही जुन्याच ॲपवर बोलतात, पडसाळीत नाही. मे महिन्यात त्या पंधरा दिवस माहेरी जाऊन राहिल्या. आईची औषधं, डॉक्टर, पथ्याचा स्वयंपाक मी आणि बायकोने सांभाळलं. सकाळच्या अकरा गोळ्या असतात आणि त्यांतल्या दोन रिकाम्या पोटी द्यायच्या असतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

बाकी तांत्रिक कटकटी चालूच असतात. पावसाळ्यात वीज जाते. पेटी आणि इंटरनेटचा राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतल्यापासून ते निभावतं. एकदा ऐन दिवाळीच्या पाडव्याला सगळ्यांचे फोन एकदम रुसले. सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र लागतं, ते 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था फुकट देते, पण त्याची मुदत नव्वद दिवसांची. नवं प्रमाणपत्र वेळेवर आलंही होतं, एका फोल्डरमध्ये पडून होतं. प्रॉसडी जुनंच दाखवत बसलं होतं, कारण नवं आलं आहे हे त्याला मी सांगायला हवं होतं. कॉलेजात असंच होतं, परिपत्रक आलेलं असतं, टेबलावर असतं, वाचलेलं नसतं. आयफोनवाल्या भाच्याला सूचना उशिरा येतात. व्हिडिओ कॉल करायला आणखी एक जोडसॉफ्टवेअर बसवावं लागलं, आणि तरीही पुण्याहून कधी आवाज येतो तर चित्र येत नाही. इंदूरचा माझा कॉलेजमित्र दुसऱ्याच एका सर्व्हरवर आहे, तरी तो माझ्याशी बोलू शकतो, जसं एका कंपनीच्या ई-मेलवरून दुसरीच्या ई-मेलवर पत्र जातं. ही सोय मला अजून नवलाची वाटते. बाजारातल्या मोठ्या ॲपांनी ती वर्षानुवर्षं दिली नाही.

कोणी विचारतं, एवढा खटाटोप परवडतो का? पैशांनी परवडतो. नावाचं वर्षाचं भाडं, पत्त्याचे जादा पैसे आणि थोडी वीज, सगळं मिळून घरातल्या दोन पेपरांच्या बिलापेक्षा फार जास्त होत नाही. वेळाने परवडतो की नाही ते बायकोला विचारा. मी मात्र आता विचारणाऱ्याला उलट एकच विचारतो, चालवणार कोण? आणि बाकीच्यांचं त्या माणसाबद्दल काय मत आहे? विहीण, जावई, वाटणीत दुखावलेला चुलतभाऊ, ही सगळी मंडळी ज्याच्यापुढे मोकळेपणाने बोलतील असं कोणी घरात असेल तर खुशाल करा. नसेल तर परक्या कंपनीचं कुलूप बरं.

आता राहिला प्रश्न माझ्यानंतरचा. पुतणीला बंगळूरला नोकरी लागली. मी अपघाताने पडलो-झडलो तर पेटीचं काय? म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी दोनशे पानी वहीत सगळं लिहून काढलं. वीज गेली तर आधी काय सुरू करायचं, नावाचं भाडं कोणत्या महिन्यात भरायचं, प्रमाणपत्र अडकलं तर कोणती आज्ञा द्यायची, आणि सगळं बंद करून टाकायचं ठरलं तर कशा क्रमाने. पासवर्ड वेगळ्या पाकिटात, आईच्या कपाटात.

वही टेबलावर पडली होती. वहिनींनी ती चाळली आणि म्हणाल्या, "याची कन्नड प्रत मी करते."

मी म्हटलं, "तुम्हांला तर मराठी छान वाचता येतं."

"येतं. पण काही बिघडलं, घाबरायला झालं की मला कन्नडच वाचता येतं."

दीड महिना लागला त्यांना. मधून मधून मला हाक मारून विचारायच्या, हा शब्द म्हणजे काय, इथे 'पोर्ट' म्हणजे बंदर की दार? दार लिहा म्हटलं. दोन ठिकाणी त्यांनी माझ्या चुकाही काढल्या, पायऱ्यांचा क्रम उलटा झाला होता. आता दोन्ही वह्या पेटीशेजारी फळीवर असतात. त्यांच्या वहीत शेवटी एक पान जास्त आहे, जे माझ्या वहीत नव्हतं. वर 'मावनवर ध्वनी' असं लिहून खाली तीन ओळी: कोणती डिस्क, कोणता फोल्डर, आणि ते तीन आवाज कोणत्या क्रमाने ऐकायचे.